चॅटवर शिकवायचं कसं, आणि कुठे शिकवायचंच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नुकत्याच रुजू झाला आहात आणि चॅट व ईमेलवरचे प्रश्न तुमच्याकडे आहेत. वरिष्ठांनी बजावलंय, ‘आयतं उत्तर देऊ नका, शोधायला शिकवा.’ तुम्ही मनापासून दोन परिच्छेद लिहिता आणि पलीकडचा विद्यार्थी ‘ओके, थँक्स’ म्हणून निघून जातो. म्हणून तुम्ही विचारताय, उत्तर द्यायचं की शिकवायचं?

मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ सेवेचं, म्हणजे वाचकांना हवी ती माहिती शोधायला मदत करायचं, काम करते आहे आणि त्यातला मोठा भाग चॅटवर गेलाय. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दिसतं ते असं, की तुम्ही शिकवता ते उत्तराच्या आधी, आणि एका वेळी फार. समोर टेबलापाशी कोणी उभं असेल तर त्याचा चेहरा बघून आपण आपोआप आवरतं घेतो. चॅटवर चेहरा दिसत नाही. त्याचा निबंध शेजारच्या खिडकीत उघडा असतो आणि तुमच्या खिडकीत तो फक्त अधूनमधून डोकावतो. तिथे दोन परिच्छेद आले की तो वाचतच नाही.

ही ओढाताण आपल्या पेशात जुनी आहे. अमेरिकन ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ मध्ये ग्रंथपाल आणि वाचक यांच्या नात्याबद्दल लिहिलं, तेव्हाच त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या: वाचकाला लागेल तेवढी मदत करा, आणि ती करतानाच त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवा. पुढे १९३१ मध्ये भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं आलं, वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या वरिष्ठांनी ग्रीन यांचं अर्धंच वाक्य धरलंय. विद्यार्थी मात्र रंगनाथन न वाचताच त्यांच्या बाजूने आहे.

आधी वेगळं काढू ते प्रश्न, ज्यात शिकवण्याचं काही कारण नाही. ग्रंथालय किती वाजता बंद होतं, लॉगिन होत नाही, अमुक पुस्तक कोणाकडे गेलंय, ही लिंक उघडत नाही. यांना सरळ उत्तर द्या. लॉगिन बिघडलेलं असताना ‘ग्रंथालयाच्या मुखपृष्ठावर डावीकडे मदतीचा दुवा आहे, तो कसा शोधायचा ते बघू’ असं लिहिणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्याने वाचक चिडतो आणि पुढच्या खऱ्या प्रश्नाला परत येत नाही.

बाकीचं परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि प्रबंध लिहिणारी संशोधक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. एखाद्या शिक्षकाने मुद्दाम ‘लेख स्वतः शोधा’ असं काम दिलं असेल, तर तुम्ही लेख हातात देणं म्हणजे त्याचा गृहपाठ करून देणं. उलट, एखाद्या प्राध्यापकाला उद्याच्या व्याख्यानासाठी एक आकडा हवा असेल, तर त्याला कीवर्ड शिकवायला जाऊ नका. तुमच्या सेवेचं लेखी धोरण असेल तर तेही बघा. काही ठिकाणी ‘मुख्यतः मार्गदर्शन’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काही ठिकाणी काहीच नसतं. आणि रांगेत आणखी तिघे थांबलेले असतील, तर हा सगळा विचार निम्म्यावर येतो.

आता खरं काम. मी जे करते ते एका वाक्यात सांगायचं तर: उत्तर देताना मी रीत दाखवते. गणिताच्या वहीत उत्तराआधी पायऱ्या मांडतात, तसं मी शोधत असताना काय करते आहे ते लिहीत जाते, छोट्या छोट्या ओळींत. वेगळा ‘शिकवण्याचा तास’ असा घेत नाही. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला लेख मिळतो आहे, आणि तो मिळतोच. वाटेत एखादी गोष्ट त्याच्या हाती राहते.

पण त्याआधी त्याला काय हवंय ते कळायला हवं. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं, जे चॅटला आजही तंतोतंत लागू पडतं. माणसाची माहितीची गरज मनात धूसर असते, मग ती जाणवते, मग तो ती शब्दांत बसवतो, आणि शेवटी ग्रंथालयाकडे काय मिळेल याचा अंदाज घेऊन तिला कापूनछाटून विचारतो. चॅटवर येणारी पहिली ओळ ही जवळजवळ नेहमी ती कापलेली आवृत्ती असते. ‘मानसशास्त्राचे लेख हवेत’ असं तो लिहितो. त्याला मानसशास्त्राचे लेख नको असतात. त्याला किशोरवयीन मुलं रात्री मोबाईल बघतात म्हणून त्यांची झोप कमी होते का, यावर पंधराशे शब्द लिहायचे असतात आणि शिक्षकाने पाच संशोधन लेख मागितलेले असतात.

म्हणून मी सुरुवातीला दोनच गोष्टी विचारते. एक, हे कशासाठी हवंय. ‘का हवंय’ असं विचारत नाही, कारण लेखी शब्दांत ‘का’ला जाब विचारल्याचा वास येतो. दुसरी, आत्तापर्यंत कुठे आणि काय टाकून शोधलंत? हा दुसरा प्रश्न माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा आहे. त्याचं उत्तर आलं की कुठे अडलंय ते कळतं, आणि शिकवायचं ते तिथेच असतं. तो म्हणाला, ‘गुगलवर बघितलं, नुसते ब्लॉग आले’, तर अडचण जागेची आहे. तो म्हणाला, ‘डेटाबेसमध्ये टाकलं, शून्य निकाल’, तर अडचण शब्दांची आहे. ‘लेख सापडला पण पैसे मागतोय’ म्हणाला, तर त्याला शोधायला शिकवणं हा वेळेचा अपव्यय आहे; त्याला ग्रंथालयाच्या लॉगिनमधून तोच लेख कसा उघडायचा एवढं हवंय.

वरच्याच झोपेच्या उदाहरणात पुढचा संवाद साधारण असा जातो.

विद्यार्थी: मी ‘रात्री मोबाईल वापरल्याने किशोरवयीन मुलांच्या झोपेवर काय परिणाम होतो’ असं इंग्रजीत टाकलं. शून्य आले.

मी: बरं झालं सांगितलंत. हा डेटाबेस आपण टाकलेले सगळे शब्द एकाच लेखात शोधतो. वाक्य जितकं लांब, तितके निकाल कमी.

मी: आपण त्यातले मुख्य तीनच शब्द घेऊ. मी ‘स्लीप’, ‘ॲडोलेसंट’ आणि ‘स्मार्टफोन’ टाकते आहे. तुम्हीही तुमच्याकडे टाका.

मी: माझ्याकडे बरेच आले. तुमच्याकडे?

विद्यार्थी: हो आले. पण खूप आहेत.

मी: पहिल्या चारपाचांची शीर्षकं बघा. मोबाईलसाठी लेखक कोणता शब्द वापरतात?

विद्यार्थी: स्क्रीन टाइम?

मी: अगदी. आता ‘स्मार्टफोन’च्या जागी तो टाकून बघा, आणि डावीकडून गेल्या पाच वर्षांचे आणि पीअर रिव्ह्यू झालेलेच, म्हणजे त्या विषयाच्या तज्ज्ञांनी तपासलेलेच, निवडा.

यात मी काय शिकवलं? एकच गोष्ट: वाक्य नको, शब्द, आणि पुढचे शब्द निकालांतूनच उचलायचे. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ने शब्द जोडण्याच्या पद्धतीला बूलियन म्हणतात, तो शब्दही उच्चारला नाही. ‘ॲडोलेसंट’ हा शब्द मी मुद्दाम निवडला. वैद्यकशास्त्राच्या डेटाबेसांत वापरल्या जाणाऱ्या ‘मेश’ या नियंत्रित शब्दसूचीत तो तेरा ते अठरा वर्षांच्या वयोगटासाठी ठरलेला आहे, नुसतं ‘टीनएजर’ टाकून निसटू शकतील असे लेखही त्याने हाती येतात. पण हे विद्यार्थ्याला तिथल्या तिथे सांगायची गरज नव्हती. प्रबंध लिहिणारी संशोधक असती तर सांगितलं असतं, कारण तिला काही निसटून चालत नाही आणि शब्दसूची वापरायला शिकणं हेच तिचं पुढचं पाऊल असतं.

‘तुम्हीही टाका’ ही ओळ सोडू नका. माझ्या अनुभवात शिकवणं टिकतं की वाहून जातं ते बहुतेक त्या ओळीवर ठरतं. तुम्ही निकालाची लिंक पाठवली की त्याने नुसती क्लिक केलेली असते. शिवाय अनेक डेटाबेसांत पत्त्याच्या पट्टीतली लिंक त्या सत्रापुरतीच चालते, नंतर ती मरते. लेख पाठवायचा झाला तर त्याची पर्मालिंक (कायम चालणारी लिंक) किंवा डीओआय (त्या लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) पाठवा. त्याने स्वतःच्या हाताने शब्द टाकले असतील तर पुढच्या विषयाला तो तेच करून बघतो.

दुसरं पथ्य वेगाचं. चॅटवर शांतता म्हणजे ‘ग्रंथपाल गेला’. तुम्ही मन लावून शोधत असता आणि तिकडे तो खिडकी बंद करतो. त्यामुळे दर एक-दोन मिनिटांनी एखादी ओळ टाकत राहा, आणि ती ‘कृपया थांबा’ अशी कोरडी नको. ‘पहिल्या शोधात प्रौढांवरचे लेख जास्त येतायत, वयाचा फिल्टर लावून बघते’ असं लिहा. थांबवून ठेवायची ओळ आणि शिकवायची ओळ एकच झाली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या संदर्भ विभागाने वाचकांशी कसं वागावं याची मार्गदर्शक तत्त्वं २००४ मध्ये दुरुस्त करून दूरस्थ सेवाही त्यांत घेतली. शोधाची दिशा आणि क्रम वाचकाला समजावून सांगावा, हे त्यांत स्पष्ट म्हटलंय. वरिष्ठांना कागद दाखवायची वेळ आली तर तो उपयोगी पडेल.

एका संवादात एकच गोष्ट, हे मी अट्टहासाने पाळते. समानार्थी शब्द, अवतरणचिन्हांत टाकायचा शब्दसमूह, शब्दाचा शेवट कापून तिथे तारांकन (*) लावणं म्हणजे त्याची सगळी रूपं सापडतात, एका चांगल्या लेखाच्या संदर्भयादीतून मागे जाणं आणि त्याला उद्धृत करणाऱ्यांतून पुढे येणं, पूर्ण मजकूर मिळवणं, नियतकालिकाची विश्वासार्हता तपासणं: सगळं त्याला कधी ना कधी लागणार आहे. पण आज त्याला एकच काटा टोचतोय. तो काढा. मनात आलेल्या बाकीच्या गोष्टींसाठी शेवटी एक ओळ पुरे: ‘पाच लेख जमले नाहीत तर परत या, यातल्याच एका लेखावरून पुढचे कसे काढायचे ते दाखवते.’ हे आमंत्रण खरोखर काम करतं. परत येणाऱ्याला शिकायचं असतं.

आधीच लिहून ठेवलेल्या तयार उत्तरांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या प्रणालीत ती असणारच. नमस्कार, वेळा, लॉगिनच्या पायऱ्या यांसाठी जरूर वापरा. शोध शिकवायला वापरू नका. पाठ केलेला मजकूर लगेच ओळखू येतो, आणि त्यात त्याचा विषय नसतो. तीच गोष्ट ट्युटोरियलच्या दुव्याची. ‘आमचा व्हिडिओ बघा’ म्हणजे पुष्कळदा ‘मला नका विचारू’ असंच पोचतं. दुवा द्यायचाच तर संवादाच्या शेवटी द्या, आणि त्यातला नेमका कोणता भाग बघायचा ते सांगा. स्क्रीन शेअर करता आली तर उत्तमच. संशोधकांसाठी मी ती आग्रहाने वापरते. पण फोनवरून बसमध्ये चॅट करणाऱ्याला ती नको असते, आणि तसे वाचक आता बरेच आहेत. त्याला ‘डावीकडचा फिल्टर’ म्हणून उपयोग नाही, त्याच्या पडद्यावर डावी बाजूच नसते. सुरुवातीलाच विचारा, फोनवर आहात की संगणकावर.

हल्ली एक नवा प्रकार वाढलाय आणि त्यात शिकवायला सगळ्यात जास्त वाव आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. विद्यार्थी पाच-सहा संदर्भांची यादी पाठवतो आणि म्हणतो, ‘हे लेख ग्रंथालयात सापडत नाहीत, मिळवून द्या.’ यादी नीटनेटकी असते. लेखकांची नावं त्या क्षेत्रातली, नियतकालिक खरं, शीर्षक पटण्यासारखं. लेख मात्र अस्तित्वातच नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं त्यानंतर अशा याद्या येऊ लागल्या. ही साधनं पुढचा संभाव्य शब्द जुळवत मजकूर तयार करतात, त्यामुळे संदर्भासारखा दिसणारा संदर्भ त्यांच्याकडून सहज निघतो.

इथे ‘हे एआयचं आहे ना?’ असं विचारू नका. तो नाही म्हणेल आणि संवाद तिथेच संपेल. मी म्हणते, ‘पहिला संदर्भ आपण मिळून तपासू.’ मग पायरीपायरीने: डीओआय दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकू. कधी तो उघडतच नाही. कधी उघडतो पण भलताच लेख समोर येतो, आणि हा दुसरा प्रकार त्याच्या मनात पक्का बसतो. डीओआय नसेल तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो खंड आणि अंक उघडू, त्या पानांवर काय छापलंय ते बघू. मग अवतरणचिन्हांत पूर्ण शीर्षक टाकून शोधू. तिन्हीकडे काही मिळालं नाही, की मी एवढंच लिहिते: ‘हा लेख छापला गेल्याची कुठेच खूण नाही. ही यादी कुठून मिळाली?’ आता तो खरं सांगतो, कारण पुरावा दोघांनी मिळून बघितलेला असतो. दुसरा संदर्भ मी त्याला एकट्याला तपासायला सांगते आणि थांबते. तेवढ्यावर संवाद सोडत नाही. त्याच विषयावरचे एक-दोन खरे लेख शोधून देते. रिकाम्या हाताने गेलेला विद्यार्थी पुन्हा त्याच यंत्राकडे जाईल.

ईमेलचं तंत्र वेगळं आहे. तिथे ‘तुम्हीही टाका’ म्हणता येत नाही आणि प्रश्न परतवून विचारले की एक-एक दिवस जातो. म्हणून मी क्रम उलटा ठेवते: सर्वांत वर उत्तर, म्हणजे दोन-तीन लेख आणि त्यांच्या पर्मालिंक. त्याखाली ‘हे असे सापडले’ म्हणून चार ओळी: कोणता डेटाबेस, नेमके कोणते शब्द, कोणते फिल्टर, आणि काय टाकून बघितलं पण जमलं नाही. हे शेवटचं बरेच जण गाळतात. मला ते फार उपयोगी वाटतं, कारण ग्रंथपालाचाही पहिला शोध फसतो हे विद्यार्थ्याला माहीतच नसतं; त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. घाईत असलेला वाचक वरचं घेऊन जातो, ज्याला शिकायचंय तो खाली उतरतो. प्रश्न अगदीच मोघम असेल तर माझा अंदाज लिहून त्यावर उत्तर देते, ‘तुम्हाला शाळकरी मुलांबद्दल हवंय असं धरलंय, प्रौढांबद्दल हवं असेल तर कळवा.’

आता तुमच्या ‘ओके, थँक्स’कडे. तो निघून गेला म्हणजे शिकला नाही असं धरू नका. टेबलापाशी बोललेलं हवेत जातं, चॅटचं तसं नाही. बहुतेक प्रणाली संवादाची प्रत वाचकाला ईमेल करू शकतात. तुमच्याकडे ती सोय बंद असेल तर चालू करून घ्या. रात्री निबंध लिहिताना तो ती प्रत उघडतो. म्हणून मी लिहितानाच ती नंतर एकट्याने वाचली जाईल हे धरून लिहिते: वापरलेले शब्द जसेच्या तसे, डेटाबेसचं पूर्ण नाव, ‘तिकडे’ आणि ‘ते’ कमी. आणि शेवटी ‘समजलं का?’ असं विचारत नाही, त्याचं उत्तर ‘हो’ हेच येतं. ‘यानंतर कोणता शब्द टाकून बघाल?’ असं विचारते. उत्तर आलं तर कळतं काय पोचलं. नाही आलं तर त्याला वेळ नव्हता, एवढंच.

वरिष्ठांशी बोलताना मात्र फक्त तत्त्वांवर वाद घालू नका. त्यांना आकडे हवे असतील, आणि किती चॅट आल्या हा आकडा इथे निरुपयोगी आहे, कारण त्यात लॉगिनचा प्रश्न आणि अर्ध्या तासाचा शोध एकाच किमतीचे ठरतात. रीड स्केल नावाची सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे, तिच्यात प्रत्येक प्रश्नाला ग्रंथपालाचे श्रम, ज्ञान आणि शिकवणं किती लागलं यावरून एक ते सहा अंक देतात. ती लावून बघा. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या प्रश्नांत शिकवलं नाही म्हणून कोणी तक्रार करणार नाही, चर्चा आपोआप वरच्या पायऱ्यांवर येते. सोबत तुमच्या काही संवादांच्या प्रती घेऊन जा. आधी त्यांतून विद्यार्थ्यांची नावं, ईमेल, ओळख पटेल असं सगळं काढून टाका. त्यांतला एक असा ठेवा ज्यात तुम्ही आधी शिकवायला गेलात आणि वाचक गेला, आणि एक असा ज्यात रीत उत्तराच्या ओघात आली. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला द्या, आणि ‘आयतं उत्तर’ नेमकं कोणत्या ओळीला म्हणायचं, हे त्यांनाच दाखवायला सांगा.